दुखणं थांबलं, दाढेचं काय?

‘मी वणीची,’ असं पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा भक्तिभावानं मान डोलावतो. ‘अरे वा, सप्तशृंगीची वणी!’ नाही हो! ती नाशिक जिल्ह्यातली. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यातली. कोळशाच्या खाणी, कापसाच्या गाड्या, रंगनाथ स्वामींचं देऊळ, मे महिन्यातलं जीव काढणारं ऊन आणि चौकाचौकात पन्नीत घोटला जाणारा खर्रा... ती वणी. हात जोडायचेच असतील तर आमच्या उन्हाला जोडा!

आणि आज आपला विषयही तिथलाच आहे. नवा कॅफे नाही, नवा फोन नाही, वीकेंड गेटअवे तर अजिबात नाही. विषय आहे दाढ. रूट कॅनल झालेली दाढ. थांबा, लगेच पान उलटू नका! तुमच्या ऑफिसच्या लंच टेबलावर नजर फिरवा. ‘मी या बाजूनं चावत नाही’ म्हणणारा एक तरी नग सापडेलच. कदाचित तो तुम्हीच असाल.

रूट कॅनल म्हटलं की आपल्याला काय आठवतं? दुखणं. रात्रभर गालाखाली उशी दाबून काढलेली ती रात्र, दाताखाली धरलेली लवंग, सकाळी साडेआठला क्लिनिकच्या शटरसमोर उभं राहणं. मग इंजेक्शन, ती बारीकशी सुई, ‘आऽऽ करा’, दोन-तीन सिटिंग्ज... आणि मग स्वर्ग! दुखणं गायब. आपल्या लेखी पिक्चर संपला. दाढेच्या लेखी मात्र आत्ता कुठे इंटरव्हल झालेला असतो. कारण रूट कॅनलनं दुखणं जातं आणि मुळांतलं इन्फेक्शन निघतं. दाढ टिकणार की फुटणार हे ठरतं त्यानंतर तिच्यावर काय आणि कधी बसवलं जातं त्यावर. एवढा एकच फंडा आजच्या कॉलममध्ये क्लिअर करायचा आहे.

कारण हा फंडा क्लिअर नसल्यामुळे माझ्या आईची एक दाढ गेली आहे.

वरची, सुळ्याच्या मागची लहान दाढ. तिचं रूट कॅनल वणीतच झालं. आतली नस काढली, मुळांच्या नळ्या साफ केल्या, त्यात गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरला आणि वरचं भोक तात्पुरत्या सिमेंटनं बुजवलं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवसांनी या, पक्कं भरू, मग कॅप बघू. पण दुखणं तर थांबलं होतं. मग दिवाळी आली. दिवाळीनंतर कापसाची वेचणी. मग मामेबहिणीचं लग्न. मी फोनवर विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं: ‘दुखत नाही ना आता, मंग काहून जायचं?’

जानेवारीत वावरात रोडग्यांचा बेत होता. ज्यांना रोडगे माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत हाणायचे. वरचं कवच असं कडक की विचारू नका. तिसऱ्या घासाला ‘कट्’ असा आवाज आला. दाढ मधोमध उभी फुटली होती. पार हिरडीच्या खालपर्यंत. डॉक्टरांनी चिमट्यानं एक तुकडा हलवून दाखवला, तो दरवाजाच्या झडपेसारखा हलत होता. अशी दाढ जोडता येत नाही. काढावीच लागली. वेळ गेला, पैसे गेले आणि शेवटी दाढही गेली.

आईनं यातून काढलेला निष्कर्ष साऱ्या गल्लीत पसरला. ‘रूट कॅनल केलं की दात पऱ्हाटीसारखा वाळते अन् मोडते.’ पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. ऐकायला एकदम पटतं. नस गेली, रक्त गेलं, दात वाळला, ठिसूळ झाला. गंमत म्हणजे डेंटिस्ट लोकही बरीच वर्षं साधारण असंच मानायचे.

मग कुणीतरी मोजून पाहिलं. १९९२ मध्ये सेजली आणि मेसर या दोघांनी रूट कॅनल झालेले दात आणि त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत दात यांच्या ताकदीची तुलना केली. निष्कर्ष असा की नुसती नस गेल्यानं दात फारसा ठिसूळ होत नाही. त्याआधी १९८९ मध्ये रीह आणि सहकाऱ्यांनी आणखी सॉलिड काम करून ठेवलं होतं. त्यांनी दात टप्प्याटप्प्यानं कोरले आणि प्रत्येक टप्प्याला दाताचा ताठपणा किती घटतो ते मोजलं. रूट कॅनलसाठी वरून पाडलेल्या भोकानं ताठपणा घटला जेमतेम ५ टक्के. चावण्याच्या पृष्ठभागावर साधा खड्डा केला की २० टक्के. आणि पुढची-मागची अशा दोन्ही कडा कोरून दाताच्या आरपार खाच केली की तब्बल ६३ टक्के!

म्हणजे कल्प्रिट रूट कॅनल नाहीच. कल्प्रिट आहे कीड, आणि ती काढताना गेलेल्या भिंती. शेताला जसा धुरा असतो तशा दाढेच्या पुढे-मागे दोन कडा असतात. त्या शाबूत असतात तोवर गालाकडची आणि जिभेकडची भिंत एकमेकींना धरून असतात. धुरे फुटले की दोन भिंती सुट्या उभ्या राहतात. घास चावला की त्या बाहेरच्या बाजूला वाकतात. रोज, प्रत्येक जेवणाला, प्रत्येक घासाला. एक दिवस रोडगा निमित्त होतो.

त्यातच आणखी एक लोच्या. जिवंत दाताला जोर जास्त झाला की तो कळ मारतो आणि आपण चावणं थांबवतो. नस गेलेल्या दाताची ही जाणीव कमी होते. म्हणजे भिंती कमकुवत आणि राखणदारही अर्धा झोपलेला.

आता या दोन सुट्या भिंतींच्या मधे काय भरायचं? आपल्या आई-बाबांच्या पिढीच्या तोंडात ‘चांदी’ आहे. ही चांदी म्हणजे पारा, चांदी, कथील, तांबं यांचं मिश्रण. कडक, टिकाऊ, एकदम दणकट. पण ती दाताला चिकटत नाही, नुसती खड्ड्यात अडकून बसते. वरून जोर आला की पाचरीसारखी भिंतींना बाहेर रेटते. डेन्मार्कमध्ये १९९० साली रूट कॅनल झालेल्या १६३९ दाढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या दाढांमध्ये चांदी होती आणि वरचे उंचवटे झाकलेले नव्हते. वरच्या लहान दाढांमध्ये जिथे दोन्ही कडा गेल्या होत्या, तिथे तीन वर्षांच्या आत २८ टक्के फुटल्या. वरची लहान दाढ! हे वाचताना मला आईची दाढच डोळ्यांसमोर दिसत होती.

चांदी मागे पडायला तिचा काळपट रंग हे एक कारण, आणि पारा हे दुसरं. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. तिच्या जागी आलं आहे कॉम्पोझिट. आमच्याकडे त्याला ‘दाताच्या रंगाचं सिमेंट’ म्हणतात. खरं तर ते सिमेंट नव्हे. रेझिन म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, आणि त्यात काचेची अतिबारीक भुकटी. निळा लाइट मारला की काही सेकंदांत दगड!

पण कॉम्पोझिटची खरी कमाल रंगात नाही, चिकटण्यात आहे. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल बुओनोकोर या डेंटिस्टला एक आयडिया सुचली. धातूला रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात आधी ॲसिड लावतात. मग दाताला लावलं तर? त्यानं फॉस्फोरिक ॲसिड लावलं आणि दाताच्या वरच्या कवचावर, म्हणजे इनॅमलवर, सूक्ष्म खड्डे पडले. त्या खड्ड्यांत रेझिन शिरून घट्ट बसतं. सात वर्षांनी, १९६२ मध्ये, राफेल बोवेन यांनी आजच्या कॉम्पोझिटचं मूळ रेझिन पेटंट केलं. पुढे इनॅमलच्या आतल्या डेंटिनलाही चिकटणारे बाँडिंग एजंट आले. हिशेब सरळ आहे. चांदी भिंती रेटते, कॉम्पोझिट भिंती एकमेकींना बांधून ठेवतं. गेलेल्या धुऱ्याचं काम बऱ्यापैकी परत मिळतं.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम असा की लाइट मारल्यावर कॉम्पोझिट आकसतं. साधारण दोन-तीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण चिकटलेली वस्तू आकसते तेव्हा ती भिंतींना आत ओढते. नाही तर कुठेतरी सुटते आणि केसाएवढी फट राहते. म्हणून चांगला डेंटिस्ट साधं कॉम्पोझिट एकदम कोंबत नाही. दोन-दोन मिलिमीटरचे थर देतो, प्रत्येक थराला वेगळा लाइट. ‘बल्क फिल’ नावाची नवी कॉम्पोझिट्स चार मिलिमीटरपर्यंत चालतात. तेव्हा खुर्चीत पडल्या पडल्या ‘किती वेळ लावतात हे!’ असं मनात आलं तर जरा कूल राहा. तो वेळ म्हणजे तुमच्या दाढेचं आयुष्य आहे.

आणि या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता भाग आहे फायबर. आमच्या गावाकडे मातीची भिंत घालताना गाऱ्यात कुटार मिसळतात. का? भिंत वाळताना तडकू नये म्हणून. तडा गेलाच तर तो काडीपाशी येऊन अडतो. नेमका हाच फंडा आता दाढेत आला आहे. २०१३ पासून काचेचे आखूड तंतू मिसळलेलं एक जपानी कॉम्पोझिट बाजारात आहे. दाढेचा आतला भाग त्यानं भरायचा आणि वरून नेहमीच्या कॉम्पोझिटचा थर द्यायचा. दुसरी पद्धत पॉलिएथिलीनच्या विणलेल्या रिबनची. ती खड्ड्याच्या तळाशी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चिकटवायची आणि वर कॉम्पोझिट भरायचं.

आपल्याकडच्या डेंटल कॉलेजांत एमडीएस करणाऱ्या मुलामुलींचा हा लाडका विषय. प्रयोग कसा होतो माहितीये? दात सरळ करण्यासाठी काढलेल्या चांगल्या लहान दाढा गोळा करायच्या. त्यांचं रूट कॅनल करायचं, दोन्ही कडा कोरून आरपार खाच पाडायची, मग वेगवेगळ्या गटांत वेगवेगळं मटेरियल भरायचं आणि मशीनखाली दाबत न्यायचं. कट् झालं की आकडा लिहायचा. अशा चाचण्यांत एक गोष्ट वारंवार दिसते. नुसती खाच पाडून मोकळी सोडलेली दाढ सगळ्यात आधी मोडते आणि चिकटवून भरलेली बराच जास्त जोर सोसते. तंतू असतील तर आणखी एक फायदा अनेकदा दिसतो. दाढ मोडलीच तर हिरडीच्या वर मोडते, म्हणजे दुरुस्त करण्याजोगी. आईच्या दाढेसारखी उभी चिरत नाही.

अर्थात मशीन एकदाच दाबतं. आपण वर्षाला लाखो घास चावतो, त्यात गरम चहा, गार पाणी, कडक फुटाणे. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा म्हणजे गॅरंटी कार्ड नव्हे. खऱ्या तोंडात काय होतं ते पाहायला हवं.

इथे एक इंटरेस्टिंग भानगड आहे. २००२ साली एकाच जर्नलमध्ये दोन अभ्यास आले. पहिला ॲक्विलिनो आणि कॅप्लन यांचा, अमेरिकेतल्या आयोवातला. त्यांना दिसलं की रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात कॅपवाल्यांच्या सहा पट वेगानं गमावले जातात. दुसरा मानोच्ची आणि सहकाऱ्यांचा. ११७ पेशंट्स, प्रत्येकाची एक लहान दाढ. निम्म्यांना आत फायबरची काडी आणि कॉम्पोझिट, बाकीच्यांना तेच करून वरून कॅप. तीन वर्षांनी दोन्ही गट सारखेच! आता खरं कुणाचं?

दोघांचंही. मानोच्चींनी निवडलेल्या दाढांचे उंचवटे शाबूत होते. म्हणजे दाताचा माल शिल्लक होता. आयोवाच्या अभ्यासात क्लिनिकमध्ये येणारे सगळ्या तऱ्हेचे दात होते. तेव्हा प्रश्न ‘कॅप की कॉम्पोझिट?’ असा नाहीच. प्रश्न आहे, भिंती किती उरल्या आणि किती जाड? कडा शाबूत असतील तर चिकटवलेलं कॉम्पोझिट पुरतं. एक कड गेली असेल तर विचार करावा लागतो. दोन्ही गेल्या असतील, भिंती पातळ असतील, तर उंचवटे झाकायलाच हवेत. मग ते झाकण कॅपचं असो, पोर्सिलेनच्या ऑनलेचं असो, नाही तर कॉम्पोझिटचं.

आणि कॅप बसवायची तर तिला धरायला हिरडीच्या वर दाताची दीड-दोन मिलिमीटर भिंत चहूबाजूंनी लागते. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते ना, चाकाला गच्च आवळून धरणारी? तसंच. धावेला धरायला लाकूडच नसेल तर ती धाव काय कामाची! ती फायबरची किंवा धातूची काडीसुद्धा दाताला मजबूत करत नाही. वरचा भराव टिकावा म्हणून ती फक्त खुंटीचं काम करते. ‘पोस्ट टाकला की दात पक्का’ असं कुणी म्हणालं तर हे लक्षात ठेवा.

आता परत वणीकडे. कारण पुस्तकातली दाढ आणि वणीतली दाढ यांत फरक आहे.

पहिला फरक खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना. पुण्यात याच्या भावाला मावा म्हणतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी खर्रा घोटणारे हात काही थांबले नाहीत. सुपारी म्हणजे लाकूडच. दिवसभर ती चावून दाढा झिजतात, तडकतात. वर सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. आमच्या शेजारचे एक काका खाणीतून रिटायर झाले. त्यांच्या तोंडात धड दोन बोटं उभी जात नाहीत. शेवटची दाढ किडली, पण तिथवर ना हत्यार पोचत, ना निळा लाइट. जगातलं बेस्ट कॉम्पोझिट आणून दिलं तरी लावणार कसं?

दुसरा फरक पाणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. त्यापुढचं पाणी लहानपणापासून प्यायलेल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. हे डाग नुसते दिसण्यापुरते नसतात. असं इनॅमल ॲसिडला सहजी दाद देत नाही, त्यामुळे कॉम्पोझिट नीट चिकटवायला डॉक्टरला जास्त मेहनत घ्यावी लागते. म्हणून ‘आमचं गाव अमुक, लहानपणी बोअरचं पाणी प्यायलो’ हे आपणहून सांगितलेलं बरं.

तिसरा फरक लवंग! आजीचा बटवा झिंदाबाद, पण लवंगेच्या तेलातलं युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. काही तात्पुरत्या सिमेंट्समध्येही हेच युजेनॉल असतं. पक्कं कॉम्पोझिट भरण्याआधी त्याचा कण न् कण साफ करावा लागतो. डॉक्टरचं ते खरवडणं म्हणजे टाइमपास नसतो, हे मला आत्ता कळलं.

आणि चौथा, सगळ्यात मोठा फरक म्हणजे अंतर. अवघड केस असली की वणीचा माणूस नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजला जातो, हे कॉलेज १९६८ पासूनचं. नाही तर वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेला, तिथलं शरद पवार डेंटल कॉलेज १९९१ चं. दोन्हीकडे तज्ज्ञ आहेत, शिकणारी पोरंपोरी मन लावून काम करतात. पण वणीहून जाऊन-येऊन दिवस मोडतो. शेतमजुराचा दिवस मोडला की त्या दिवसाची मजुरी गेली. अशा माणसाला ‘आठ दिवसांनी परत या’ म्हणणं म्हणजे बऱ्याचदा ‘येऊ नका’ म्हणण्यासारखंच असतं.

म्हणूनच एकाच बैठकीत होणारं चिकटवलेलं कॉम्पोझिट आमच्यासारख्या गावाला फॅशन म्हणून नको आहे. ती गरज आहे. कॅपला माप, लॅब, पुन्हा फेरी. कॉम्पोझिट मात्र रूट कॅनल संपल्या दिवशीच, त्याच खुर्चीत होऊ शकतं. आणि तोंड सीलबंद झालं की लाळेतले जंतू परत मुळांत उतरत नाहीत. याचंही महत्त्व कमी समजू नका. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनल झालेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. मुळाशी सूज आहे की नाही याचा संबंध आतल्या भरावापेक्षा वरच्या भरावाच्या दर्जाशी जास्त निघाला. नंतरच्या अभ्यासांनी ‘दोन्ही तितकेच महत्त्वाचे’ असं म्हटलं, पण ‘वरचं झाकण काय, कधीही लावू’ असं कुणीच म्हटलं नाही.

हे सगळं मी एवढं का वाचत बसले? कारण गेल्या उन्हाळ्यात आईची दुसरी दाढ दुखायला लागली. खालची, डावी, मोठी. आईनं थेट जाहीर करून टाकलं, ‘काढून टाका. एक केली होती ना, काय झालं?’ तिचं काय चुकलं? तिनं एकदा पैसे घालवले होते. बाबा गप्प. कारण दाढ काढणं स्वस्त, आणि पेरणी तोंडावर आलेली.

वणीतच क्लिनिक असलेली, माझ्याच वयाची एक डॉक्टर आहे. तिनं आईला आरसा दिला, एक्स-रे दाखवला. ‘काकू, मागची कड गेली आहे, पुढची चांगली आहे. गालाकडची भिंत जाड आहे, जिभेकडची मागची भिंत दीड मिलिमीटरच उरली. तेवढा उंचवटा कापून वरून झाकते. आत तंतूवालं भरते. आजच करते, तुम्हाला तात्पुरतं सिमेंट लावून घरी पाठवतच नाही.’ आई म्हणाली, ‘किती दिवस टिकन?’ डॉक्टरनं गोड बोलून फसवलं नाही. म्हणाली, ‘लिहून देता येत नाही. पण फुटलं तर वरचं फुटावं, मूळ फुटू नये असं करून देते. कापसाचे पैसे आले की कॅपचं बघू. आणि रोडगे उजव्या बाजूनं खा!’

तिनं दातावर रबराचा पातळ पडदा ताणला. रबर डॅम म्हणतात त्याला. १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम नावाच्या डेंटिस्टनं काढलेली ही युक्ती आजही चालते, कारण लाळेचा एक थेंब लागला तरी चिकटण्याचं गणित बिघडतं. मग ॲसिडची जेल, धुणं, बाँडिंग, लाइट, थर, लाइट, थर, लाइट... आई खुर्चीत चक्क झोपली होती! आज त्या दाढेनं ज्वारीची भाकर नीट चावली जाते. दर वर्षी एक्स-रे काढायचं ठरलं आहे. गल्लीतली पऱ्हाटीची थिअरी मात्र अजून पूर्ण मेलेली नाही. गेल्या आठवड्यात आई शेजारच्या काकूंना सांगत होती, ‘वाळत नसते वो दात. भिंत जाते, भिंत!’

आता तुमच्याविषयी. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, जिथे असाल तिथे. तुमच्या खिशात हेल्थ ॲप आहे, कोपऱ्यावर तीन डेंटल क्लिनिक्स आहेत आणि तरी ‘रिलीज झाली की जातो’ म्हणत तुम्ही तात्पुरत्या सिमेंटवर तीन-तीन महिने काढता. आईकडे वेचणी होती, तुमच्याकडे डेडलाइन. दाढेला दोन्ही सारखंच. वर तुम्ही रात्री झोपेत दात खाता, कोल्ड कॉफीतला बर्फ कडाकडा चावता आणि पार्टीत बाटलीचं झाकण दातानं उघडून हिरो होता.

तर पुढच्या वेळी खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा. माझ्या दाढेच्या किती कडा आणि भिंती शिल्लक आहेत? उंचवटे झाकायची गरज आहे का? पक्कं आजच भरता येईल का, नसेल तर नेमकं कोणत्या तारखेला? आणि मी रात्री दात खात असेन तर नाइट गार्ड करून द्याल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट खूश होतो. नवा फोन घेतला की स्क्रीन गार्ड लावल्याशिवाय तुम्ही दुकानाची पायरी उतरत नाही. दाढ तर एक्स्चेंज ऑफरमध्येही मिळत नाही!

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. आणि तो बर्फ... चघळा हवा तर. चावू नका!